गोव्यात नवे आहात? उन्हाळ्यातले बिनपैशाचे शनिवार-रविवार, पणजीपासून

पणजीत नोकरीसाठी नव्याने आलेला माणूस पहिला शनिवार हमखास वाया घालवतो. दहाला उठायचे, अकराला कळंगुटच्या बसमध्ये बसायचे, बाराला तापलेल्या वाळूत उभे राहायचे, आणि मग सावलीसाठी शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात, शिरून नको असलेल्या गोष्टींचे बिल भरायचे. संध्याकाळी थकून निघावे तर बस गेलेली आणि टॅक्सीवाला सांगेल तो भाव.

गोव्यातल्या बहुतेक चांगल्या गोष्टींना प्रवेशमूल्य नाही. पैसे जातात ते दोनच ठिकाणी: भर दुपारी सावली विकत घेण्यात आणि रात्री घरी परतण्यात. ही दोन भोके बुजवली की मार्च ते जून जवळपास फुकटात काढता येतात. खालची सगळी माहिती पणजी हे मुक्कामाचे ठिकाण धरून दिली आहे. मडगाव, म्हापसा, फोंड्यात राहणाऱ्यांनी अंतरे आपल्या परीने बदलून घ्यावीत.

आधी घड्याळ

एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. पुण्या-सोलापूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, पण इथे घाम वाळत नाही. दमट हवेत अर्धा तास चढ चढलात की शर्ट पिळावा लागतो आणि डोके दुखू लागते. त्याचे कारण बहुधा ऊन नसते, पाणी आणि मीठ कमी पडलेले असते. माणशी दोन लिटर पाणी घरून न्या. त्यात चिमूटभर मीठ आणि दोन कोकमे टाकली तर उत्तम.

मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. बाहेर फिरायचे ते सहा ते साडेनऊ आणि पाच ते सात. मधल्या वेळेत छपराखाली राहायचे. हे वेळापत्रक पाळले नाही तर पुढची कुठलीच सूचना कामाची नाही.

मग परतीची गाडी

निघण्याआधी परत कसे येणार ते ठरवा. पणजी-मडगाव आणि पणजी-वास्को या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, विनाथांबा गाड्यांना सगळे 'शटल' म्हणतात. तिकीट गाडीत नाही, स्थानकावरच्या खिडकीवर घ्यायचे. नवखे लोक थेट गाडीच्या दारात रांग लावतात आणि परत पाठवले जातात. गावांकडच्या खासगी बस रविवारी कमी धावतात आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर आतल्या गावांतून बस मिळेल हे गृहीत धरू नये. जाताना वाहकालाच विचारा, ‘शेवटची बस कितीला?’ आणि तो सांगेल त्याच्या आधीची पकडा.

ओला-उबर इथे नाहीत. गोवामाइल्सचे अॅप आहे, पण आडगावात गाडी मिळेलच असे नाही. एकट्या माणसाला सगळ्यात सोयीचा पायलट, म्हणजे पिवळा-काळा मडगार्ड असलेली दुचाकी टॅक्सी. बसायच्या आधी भाडे ठरवायचे, उतरल्यावर नाही. दोघे-तिघे असाल तर एका दिवसासाठी भाड्याची दुचाकी घेणे स्वस्त पडते. मात्र तिची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असल्याची खात्री करा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. पोलिसांनी अडवले तर वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात.

कार्यक्रम कुठे कळतात

समाजमाध्यमांवर दिसतात ते बहुतेक तिकिटाचे कार्यक्रम. बिनतिकिटाचे अजूनही मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच सापडतात. तरुण भारत, गोमन्तक, नवप्रभा, लोकमत यांपैकी एकाचे शुक्रवार आणि शनिवारचे अंक बघत चला. ग्रंथालयात तेही फुकट वाचता येतात. जाहिरातीतली भाषा समजून घ्या. ‘सर्वांसाठी खुला’ म्हणजे थेट जाऊन बसायचे. ‘विनामूल्य प्रवेशिका’ म्हणजे पास आधी कुणाकडून तरी उचलायचा आहे. तो कुठे मिळतो हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत असते. ‘निमंत्रितांसाठी’ असेल तर नाद सोडा.

बघायच्या जागा: पणजीत कांपालची कला अकादमी आणि इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा, पर्वरीत गोमंतक मराठी अकादमी, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर, आणि मडगाव, साखळी, कुडचडे येथली रवींद्र भवने. कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. कार्यक्रम नसला तरी आवारात जाऊन नदीकाठी बसता येते, आणि कलादालनात प्रदर्शन चालू असेल तर ते पाहता येते. मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर कामोइशच्या ‘लुझियाद’ या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. आत कार्यक्रमाला जाणारे निम्मे लोक त्या न बघताच जिना चढतात.

वेळेबद्दल एक सूचना. सरकारी कार्यक्रम पाचचा असेल तर पाचला दिवे लागतात, पाहुणे साडेपाचला येतात, मग दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत. गाणे सहाच्या आत सुरू झाले तर नशीब. ते ऐकायला गेला असाल तर सहाला पोचा. मात्र नाटकाला असे करू नका. नाव झालेल्या नाटकाला खुर्च्या अर्धा तास आधीच भरतात.

शनिवार सकाळ: पणजी पायी

पहिल्या शनिवारी लांब जाऊ नका. साडेसहाला चर्च चौकात उभे राहा. समोरचे पांढरे चर्च, अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन, मूळ १५४१च्या चॅपेलच्या जागी १६१९ मध्ये नव्याने बांधले. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठातून आणलेली. पायऱ्या चढून जायला हरकत नाही. प्रार्थना चालू असेल तर आत फिरू नये, दारात थांबावे.

तिथून मागच्या चढाने आल्तिनोवर चढा. चढ दहा-पंधरा मिनिटांचाच आहे, पण सात वाजून गेले की तो अंगावर येतो. वर सावली भरपूर. बिशप हाऊसवरून जॉगर्स पार्ककडे जा आणि मळ्यातल्या मारुती मंदिराकडे उतरा. तिथून खाली फोन्तेन्यातली कौलारू छपरे आणि पलीकडे ऊरें खाडी दिसते. मंदिरातून पायऱ्यांनी फोन्तेन्यात उतरायचे, ३१ जानेवारी मार्गाने सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपर्यंत जायचे. चॅपेल १८१८चे, बहुतेक वेळा बंद. उघडे मिळाले तर आतला क्रूस बघा. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला हा येशू डोळे उघडे ठेवून आहे. नेहमीच्या क्रूसावर ते मिटलेले असतात.

फोन्तेन्यात लोक राहतात, हे मुद्दाम सांगावे लागते. कुणाच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून फोटो काढणे, दारातल्या कुंड्या हलवणे, सकाळी सातला मोठ्याने बोलणे याला तिथले रहिवासी विटले आहेत आणि ते तोंडावर सांगतात. रस्त्यावरून दिसते ते टिपा आणि पुढे चला.

शेवटी खाडीकाठच्या रस्त्याने पाटोच्या पुलावरून कदंब स्थानकात बाहेर पडता. एकूण तीन-चार किलोमीटर, रेंगाळत दोन तास. वाटेत एखाद्या जुन्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि मिरची. शॅकमधल्या खाण्यापेक्षा ही न्याहारी पुष्कळ स्वस्त पडते.

दुपार: पाटोचे ग्रंथालय

कदंब स्थानकापासून चालत काही मिनिटांवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ मध्ये सुरू झालेले हे देशातले सर्वात जुने सार्वजनिक ग्रंथालय मानतात. बसून वाचायला सभासदत्व लागत नाही. मराठीचा विभाग भरपूर, मुलांसाठी वेगळे दालन, आणि गोव्याच्या इतिहासाची पुस्तके वेगळी लावलेली. पिशवी खाली ठेवावी लागते, म्हणून वही, पेन आणि पाण्याची बाटली हातात घ्या. शनिवार-रविवारी इतर दिवसांपेक्षा लवकर बंद होते आणि सरकारी सुट्टीला उघडतच नाही. रविवारी एखादी सुट्टी आली की नेमके नवखे लोक बंद दारापाशी भेटतात.

पाचनंतर नदीकाठाने कांपाल आणि पुढे मिरामार. कांपालच्या बागेत मे महिन्यात कोकण फळमहोत्सव भरल्याचे कळले तर चुकवू नका. बोटॅनिकल सोसायटी ऑफ गोवा तो भरवते. जागा आणि तारखा दर वर्षी जाहीर होतात. मांडलेल्या ताटल्यांवर जातीचे नाव लिहिलेले असते: मानकुराद, मुसराद, फर्नांडिना, हिलारिओ, झेवियर. पहिल्या दिवशी जा, तिसऱ्या दिवशी आंब्यांवर डाग पडलेले असतात. मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि हापूस हाच आंबा म्हणणाऱ्या रत्नागिरी-देवगडकरांनी हा वाद इथे काढू नये, संध्याकाळ त्यातच जाईल.

शनिवारी संध्याकाळी बांदोडकर मार्गावर कॅसिनोंच्या गाड्यांनी वाहतूक तुंबते. सातनंतर मिरामारहून परत येताना बसपेक्षा पायी लवकर पोचता.

रविवार: दोन फेरीबोटींची सफर, दिवाडी ते नार्वे

एकच बेत करायचा असेल तर हा करा. मांडवीतल्या फेरीबोटींना पायी प्रवाशाला तिकीट नाही. गाडीचे दर धक्क्यावरच्या फलकावर लिहिलेले असतात ते वाचून घ्या. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ पासून मोठी रो-रो बोट आहे, तिची गोष्ट वेगळी. ही सफर चालत किंवा सायकलने करायची आहे.

१. पणजीहून फोंड्याकडे जाणाऱ्या पहाटेच्या बसने जुने गोवे, नऊ-दहा किलोमीटर. गांधी सर्कलला उतरा. बॉम जीझसची बासिलिका आणि सी कॅथेड्रल यांना प्रवेश फुकट आहे, पण रविवारी सकाळी प्रार्थना असतात. पर्यटकाने मध्ये फिरू नये. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटर उंचीचा पडका मनोरा मात्र सकाळी सातलाही निवांत बघता येतो. तो आधी उरका.

२. व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली उतरलात की दिवाडीचा धक्का. बोट लागली की आधी येणारी वाहने उतरू द्या, मग चढा. पायी प्रवाशांनी बाजूच्या बाकाकडे सरकायचे. उघड्या फळीजवळ उभे राहू नका. दुचाकीवाले बोट टेकायच्या आतच गाडी सुरू करतात आणि ओल्या लोखंडावर चाक घसरते.

३. बेटावर उतरल्यावर पहिला दीड-दोन किलोमीटर रस्ता खाजनातून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या बांधाआडच्या शेतांतून जातो. एका झाडाची सावली नाही. म्हणून आठच्या आत इथे पोचायचे. पुढे पिएदाद गाव आणि टेकडीवर अवर लेडी ऑफ कम्पॅशनचे चर्च. वरून मांडवीचे दोन्ही फाटे, चोडण आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात.

४. पिएदादहून बेटाच्या उत्तर टोकाला नार्वेचा धक्का, चार-एक किलोमीटर. श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान बेटाच्या याच भागात होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले तेव्हा लिंग नदीपार डिचोलीच्या हद्दीत नेले गेले. तुम्ही आता तीच नदी ओलांडता, पाच-सात मिनिटांत.

५. पलीकडे उतरून दोनेक किलोमीटरवर नार्वे-हिंदळेचे सप्तकोटेश्वर मंदिर. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला. त्याचा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने केलेल्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. सभामंडप बसका, भिंती जाड, आत शिरताच उकाडा उतरतो. मागच्या डोंगरउतारावर जांभ्या दगडात कोरलेल्या जागा आहेत, त्याही बघा. कपडे पूर्ण घाला. अर्ध्या चड्डीत देवळात घेत नाहीत, आणि हे गोव्यातल्या जवळपास प्रत्येक देवस्थानाला लागू आहे.

सायकलवर ही सफर चार तासांची. पायी केलीत तर पाच-सहा तास धरा आणि सहाच्या आधी घर सोडा. बिघडते कुठे? दुपारी नार्वेच्या फेरीच्या फेऱ्या विरळ होतात, जेवणाच्या वेळी तर बोट धक्क्याला लागून राहते. बाराला देवळातून निघालेली माणसे एकपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. साडेदहाला नार्व्यातून परत फिरा, किंवा मग त्याच बाजूने डिचोलीची बस पकडून पणजीला या. बेटावर दुकाने कमी आणि रविवारी त्यातलीही बंद, तेव्हा खाणे पिशवीत.

एवढे नको असेल, किंवा बरोबर लहान मूल असेल, तर पणजीच्या धक्क्यावरून बेतीला जाऊन परत या. पाऊण तासात होते, आणि मुलांना बोटीचाच आनंद असतो.

जत्रा, लदीन, नाटक

गोव्यातले फुकटचे कार्यक्रम इंग्रजी तारखेने कमी आणि तिथीने, फेस्ताने (चर्चच्या सणाने) जास्त चालतात. म्हणून भिंतीवर कालनिर्णय हवेच, आणि ईस्टर कधी आहे तेही त्यावर खूण करून ठेवायचे.

ईस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त असते. सोमवार तुमच्या उपयोगाचा नाही, पण फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, आजूबाजूच्या दिवसांतही भरते. ईस्टरपासून सातव्या रविवारी पेंटेकॉस्ट, त्या सुमारास मडगावला होली स्पिरिट चर्चची फेरी. दोन्ही ठिकाणी पावसाळ्याच्या बेगमीचा माल, ज्याला इथे पुरुमेंत म्हणतात, तो येतो: सुकी मासळी, मिरच्या, कोकमे, चिंच, खाटा-बाकडी. नुसते बघायला जा, सुके बांगडे कसे पारखतात ते कळेल. पोट दाबून बघायचे, बोट रुतले तर नीट सुकलेले नाहीत, जूनमध्ये त्यांना बुरशी येते.

मे महिन्यात गावोगावच्या रस्त्याकडेच्या खुरसांपुढे (क्रूसांपुढे) संध्याकाळी लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते. मेणबत्त्या, फुले, व्हायोलिन, कोंकणी-लॅटिन प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. रस्त्यावरच्या खुरसाला कुणी आमंत्रण विचारत नाही. चप्पल घालून मागे शांत उभे राहिलात तरी चालते. मोबाइल समोर धरून मात्र उभे राहू नका, आणि दिलेले चणे नाकारू नका. घरातली लदीन निमंत्रितांचीच असते.

देवळांकडे एप्रिल-मेमध्ये मूर्तिप्रतिष्ठेचे वर्धापनदिन रांगेने असतात. दुपारी महाप्रसाद, रात्री पालखी, आणि पालखीनंतर नाटक. हे नाटक महाराष्ट्रातून आलेल्या माणसासाठी खरी मेजवानी. गावचेच लोक, कुणी वीज खात्यात, कुणी शाळेत, महिनाभर तालीम करून तीन-चार अंकी मराठी नाटक उभे करतात. ऐतिहासिक किंवा संगीत असले तर ऑर्गन-तबल्यासह. पेडण्याकडे गेलात तर दशावतार मिळेल. कार्यपत्रिकेवर ‘रात्रौ ९.३० वा.’ छापलेले असले तरी पालखी मंदिरात परतेपर्यंत पडदा वर जात नाही. अकरा वाजतात. संपायला दोन-अडीच. बस नाहीच. म्हणून अशा नाटकाला दुचाकीवर किंवा त्या गावच्या सहकाऱ्याबरोबर जावे. पुढच्या रांगा महाजनांच्या आणि पाहुण्यांच्या. चौथ्या-पाचव्या रांगेत कडेला बसा, डासांसाठी मलम लावा. बाहेर खाजे विकत असतात. पाव किलो घ्या, आले-गुळाचे ताजे खाजे दातांखाली कुरकुरीत मोडते, शिळे चिवट लागते.

शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रताने राहतात आणि पहाटे होमकुंडातून चालतात. ही गर्दी निराळीच. २०२५ मध्ये इथे चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. नवख्या माणसाने, विशेषतः मुले बरोबर असतील तर, रात्रीच्या गर्दीत शिरू नये. जत्रा पुढचे काही दिवस चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन घ्यावे. उताराच्या अरुंद रस्त्यावर गर्दी दाटू लागली असे वाटताच कडेला व्हा, पुढे काय चालले आहे ते बघायला थांबू नका.

समुद्र

समुद्र फुकटच आहे, त्याबद्दल थोडक्यात. मिरामारला पोहू नका. तिथे मांडवी समुद्राला मिळते, प्रवाहाला ओढ असते. इतर किनाऱ्यांवर जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा असतात. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे उतरायचे, नुसता लाल असेल तर पाय ओले करायलाही नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या शनिवार-रविवारी भरती दुपारच्या सुमारास असते आणि पहाटे-संध्याकाळी ओहोटी, म्हणजे चालायला रुंद, कडक वाळू मिळते. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. आठवड्यात ती सहा तासांनी सरकते. म्हणून या शनिवारी सहाला ओहोटी होती तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी भरती असणार, आणि गेल्या खेपेला चाललेल्या खडकांवर पाणी असेल. उघड्यावर दारू पिणे, चूल मांडणे आणि बाटल्या फोडणे यांना दंड आहे.

उन्हाळ्यातच दिसणारी एक गोष्ट

दक्षिणेत रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळ, ज्याला पणसायमळही म्हणतात, तिथे जांभ्या खडकावर प्रागैतिहासिक कातळशिल्पे आहेत: बैल, हरणे, माणसे, एक मोठा गोल चक्रव्यूह. पावसाळ्यात नदी त्यांच्यावरून वाहते आणि नंतर चिखल-शेवाळ राहते. मार्च ते मे हा त्यांचा काळ. पणजी-मडगाव शटल, तिथून केपे, पुढे रिवण. शेवटचा टप्पा दुचाकीशिवाय कठीण.

तिथे बाराला पोचणाऱ्याला काहीही दिसत नाही, सपाट लाल खडक फक्त. रेषा उथळ आहेत, त्यांना तिरपी सावली लागते. साडेआठच्या आत किंवा साडेचारनंतर जा, सूर्याच्या समोरून बघा. एखादी आकृती कळत नसेल तर ओंजळभर पाणी टाका. ओला खडक गडद होतो आणि खाचेत पाणी क्षणभर थांबते तेवढ्यात रेघ उमटते. खडूने किंवा दगडाने रेघा गिरवू नका. बूट काढून चाला, पण तळपायाला चटका बसू लागला की तो परत निघायचा इशारा समजा.

फसगतीच्या जागा

हरवळ्याचा धबधबा मे महिन्यात धार असतो, कधी तीही नाही. लेणी बघायची तर जा, पाण्यासाठी नको. रेईश मागुशच्या किल्ल्याला तिकीट आहे, खालच्या चर्चला नाही. दोनापावलच्या जेटीवर आता पैसे घेतात. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद, एरवी नाममात्र तिकीट, १५ वर्षांखालील मुलांना फुकट. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आणि १८ मेला संग्रहालय दिन असतो. त्या दिवशी पुरातत्त्व खाते बहुतेक वर्षी तिकीट माफ करते, वर्तमानपत्रात बघून घ्या. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर फुकट आणि सुंदर, पण पणजीपासून ६५ किलोमीटर. पेट्रोल धरले तर ते फुकट उरत नाही, चौघांनी मिळून एक गाडी काढली तरच परवडते. माकडे हातातली पिशवी ओढतात, प्रसादाचे पुडके बाहेर दिसू देऊ नका.

काजूच्या हंगामात रस्त्याकडेला नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, मिळतो. सकाळी निघालेला रस सकाळीच प्यावा. उन्हात दोन-तीन तास राहिला की तो आंबू लागतो, आणि दुपारी बाटली भरून नेणाऱ्याच्या पिशवीत ती फसफसते.

जून लागला की

मोसमी पाऊस इथे साधारण ५ जूनच्या सुमारास येतो. त्याआधीच, मेच्या अखेरीला, समुद्र खवळतो. दुपारनंतर वळीव आणि विजा सुरू झाल्या की खाजनातले बांध, कातळ आणि टेकड्या संध्याकाळी टाळायच्या, सगळे बेत सकाळवर आणायचे. १८ जूनला क्रांतिदिन. १९४६ मध्ये याच दिवशी मडगावला डॉ. राम मनोहर लोहियांची सभा झाली. मडगावचे लोहिया मैदान आणि पणजीचे आझाद मैदान, दोन्हीकडे सकाळी कार्यक्रम असतात, कुणीही जाऊ शकतो.

आणि २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचे फेस्त. डोक्यावर फुलापानांची कोपेलां, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर वाड्यावाड्यातून मिरवणूक, आणि विहिरींत उड्या. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात, त्या काठावरून बघता येतात. उडी मारायची हौस असेल तर त्या घरच्या माणसांना आधी विचारा, विहिरीत पाणी किती आणि खाली दगड कुठे ते त्यांनाच माहीत असते. पावसाने पाणी गढूळ झालेले असते, तळ दिसत नाही. पोटात फेणी असलेल्या माणसामागून उडी मारू नका. तो वर येऊन काठाला लागेपर्यंत थांबा.